गुरुवार सोडून

मुलाखत त्याने घेतली, मी दिली.
इंदिरानगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
धापा टाकत पोहोचले, तर पहिला प्रश्न:
"तुला शिट्टी वाजवता येते का?"
नाही येत, म्हटलं.
त्याने कागदावर काहीतरी खोडलं.
दुसरा प्रश्न: "तू घाई करतेस का?"
बावीस वर्षं दवाखान्यात आया होते मी,
घाईचाच पगार घेतला होता.
खरं ते सांगितलं.
बराच वेळ पंख्याकडे पाहून तो म्हणाला,
"उद्यापासून ये. सातला नाही, आठला."

हेमराज भामरे, वय त्रेचाळीस.
अंबडला मनुक्यांच्या खोक्यांना चिकटपट्टी लावतो,
एकही पट्टी तिरकी जात नाही.
पैसे तीन डब्यांत: निळा भाड्याचा, हिरवा भाजीचा,
लाल कशाचा, ते मी आजवर विचारलेलं नाही.
अक्षरं त्याच्या अर्धीच ओळखीची,
म्हणून आमचा करार फ्रीजवर, चित्रांत:
एक दार. एक हात, हाताभोवती गोल.
म्हणजे आधी बेल वाजव.
म्हणजे हात लावण्याआधी विचार.

पहिल्याच आठवड्यात मी गॅस बारीक केला.
नुसता बारीक. दूध वर येत होतं.
त्याने तो परत मोठा केला, दूध उतू गेलं,
आणि ओटा पुसता पुसता म्हणाला,
"माझं दूध."

आई आडगावला, मोठ्या मुलाकडे.
फोनवर तिचा आवाज ऐकला की कळतं
काळजी आज कुठवर चढलीय.
आपल्याकडे गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतात ना,
गुडघ्याला, कमरेला, छातीला,
तसंच.
"त्याला फसवतील गं बाजारात," ती म्हणते.
फसवतात. मलाही फसवतात.
बुधवारच्या बाजारात त्याने मेथीच्या अकरा जुड्या घेतल्या
कारण विकणारीच्या मांडीवर पोर झोपलं होतं.
मी जीभ दातांखाली धरली,
अगदी खरोखर, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.
मग चार दिवस मेथी.
जिन्यातल्या तिन्ही घरांना मेथी.
पाचव्या दिवशी तो आपणहून: "अकरा म्हणजे लई."

महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक.
भाऊ येतो, खालचा इस्त्रीवाला येतो,
कारखान्यातली शकीला येते शेव घेऊन.
तो ताटली वाजवतो. विषय एक: मांजर.
भाऊ म्हणतो, केस, वास, घरमालक.
इस्त्रीवाला म्हणतो, बोकाच घ्या.
शकीला विचारते, नाव ठरलं का?
तो ऐकतो सगळ्यांचं, मनापासून,
तोंड किंचित उघडं ठेवून.
मी म्हटलं, मग हात वर करूया का?
"नको. मी ठरवणार. तुम्ही फक्त मदत."
भावाने चष्मा काढला
आणि पुसतच बसला.

विषय दोन मला माहीत नव्हता.
"गुरुवारी शेवंताताई नको.
गुरुवारी मी एकटा.
पगार पण तेवढा कमी."

पहिल्या गुरुवारी मी उगाच सिटीलिंकमध्ये बसले,
रविवार कारंज्याला उतरले, उगाच नदीवर गेले.
पाणी कुठेच चढलेलं नव्हतं.
मारुतीची पावलंसुद्धा कोरडी.
तरी तीनदा फोन काढला,
तीनदा पिशवीत टाकला.

शुक्रवारी बेल वाजवली.
बऱ्याच वेळाने दार.
आत जळकट वास, पातेलं पाण्यात भिजत पडलेलं,
कोपऱ्यात बशीभर दूध
आणि पलंगाखालून कुणाचे तरी दोन डोळे.
माझा हात पातेल्याकडे गेला, मध्येच थांबला.
"घासू?"
त्याने पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पलंगाखाली.
"अर्धं," म्हणाला. "अर्धं मी."